धाव

नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार उद्यावर आला की शनिवारी दुपारी आमच्या देवळापुढच्या लिंबावरून धाव खाली उतरवतात. त्याला दोघं जण लागतात. एक जण फांदीवर बसून साखळीचा आकडा सोडवतो, दुसरा खाली दोन्ही हात पसरून उभा राहतो. पंचवीस-तीस किलोचं लोखंड हळूहळू खाली येतं. कड जमिनीला टेकली की तिच्या अंगातून बारीक गुणगुण निघते आणि हात लावला की थांबते.

एरवी वर्षभर ती आमची घंटा असते. नांगराच्या झिजलेल्या फाळाने तीन ठोके घातले की आवाज ओढ्यापलीकडच्या वस्तीपर्यंत जातो. आगमनकाळात मात्र आमच्याकडे घंटा वाजत नाही. ती वेदीपुढे जमिनीवर, चार विटांवर आडवी असते. अंगाभोवती लिंबाच्या डहाळ्या गुंडाळलेल्या आणि चार दिशांना चार मेणबत्त्या. लोक न बोलावता येतात. कुणी कुणाला हाक मारत नाही, तरी दिवेलागणीला चपला दाराशी जमायला लागतात.

परभणी जिल्ह्यात, सेलू आणि जिंतूरच्या मधल्या काळ्या रानात आमचं गाव आहे. ख्रिस्ती घरं थोडी. फादर महिन्यातून दोनदा मिस्सेला येतात, बाकीचे रविवार मास्तर प्रार्थना चालवतात. देऊळ म्हणजे पत्र्याची एक लांबट खोली. तिच्यात आमच्या या पाहुणीला जेमतेम जागा होते, कारण तिचा व्यास साडेचार फूट आहे. पहिल्या रांगेतली लेकरं मांड्या आखडून बसतात.

बैलगाडीच्या लाकडी चाकाला बाहेरून लोखंडाची पट्टी बसवतात, तिला धाव म्हणतात. जवळून पाहिलं तर हिचं अंग दोन तऱ्हांचं आहे. बाहेरची बाजू रस्त्यांनी घासून गुळगुळीत केलेली, कडा गोलावलेल्या. आतली बाजू खरबरीत आणि काळपट, जळलेल्या लाकडाला मिठी मारून बसलेली होती ना, तिची ती खूण. सांधा एकच, पण त्या जागी लोखंडाची जाडसर गाठ आहे. डोळे मिटून बोट फिरवलं तरी ती गाठ लागते. तिथे तिला दोनदा जोडलेलं आहे.

धाव या शब्दात आमच्या भागातलं पुष्कळ काही मावतं. चाकाची पट्टी ती धाव. मोटेचे बैल विहिरीपासून ज्या उतरणीवर खालीवर करत, तीही धाव. अडलेला माणूस देवाचा करतो, तो धावा. जनाबाई आमच्याच जिल्ह्यातल्या गोदाकाठच्या गंगाखेडची. तिने दळताना हाक मारावी आणि विठ्ठलाने येऊन जात्याच्या खुंट्याला हात लावावा, ही गोष्ट आमच्या ख्रिस्ती घरांतल्या म्हाताऱ्याही सांगतात. बोलावलं की देव धावून येतो, हे आम्हाला कुणी नव्याने शिकवावं लागलं नाही. पहिल्या शतकातले ख्रिस्ती लोक येशूच्या बोलीत, अरामीत, 'माराना था' म्हणत. आमच्या प्रभू, ये. संत पौलाने करिंथकरांना पत्र लिहिलं ग्रीकमध्ये, पण शेवटाकडे हा बोल त्याने उलथा न करता तसाच ठेवला. आगमनकाळाची सगळी प्रार्थना त्या बोलात आहे. मला ती मराठीत करायची असेल तर मी एवढंच म्हणेन : धाव.

ही धाव आमच्या आज्याच्या गाडीची. सेलूच्या, मानवतच्या बाजारात कापूस घेऊन जाणाऱ्या गाड्यांमध्ये ती फिरली. काळ्या मातीचा रस्ता पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात दगड. ओल्या मातीत धावेने पाडलेली चाकोरी वाळून घट्ट झाली की पुढच्या गाड्यांनी तिच्यातूनच जायचं. बाहेर निघायचं म्हटलं तर बैल गुडघ्यावर येत. आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारी आम्ही बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं वाचन ऐकतो. येणाऱ्यासाठी वाट नीट करा, खळगे भरून घ्या, उंचवटे उतरवा, असं तो रानात ओरडून सांगतो. ते शब्द त्याच्याही आधीचे, यशया संदेष्ट्याचे. देवळात बसलेल्या जुन्या गाडीवानांना त्याचा अर्थ कुणी फोड करून सांगावा लागत नसे. चाकोरी मोडायची असेल तर ती रुंद करून चालत नाही, कुदळीने खणून काढावी लागते, हे त्यांनी हातांनी केलेलं होतं.

धाव बसवताना मी लहानपणी एकदाच पाहिली. आयुष्यात पाहिलेल्या मोजक्या मोठ्या गोष्टींमध्ये मी ती धरतो. लोहाराने आधी चाकाचा घेर मोजला, मग पट्टी वाकवून तिची टोकं ठोकून जोडली. कडं मुद्दाम लाकडाच्या घेरापेक्षा बोटभर कमी ठेवलं. मला वाटलं, चुकलं. इतकं आखूड कडं इतक्या मोठ्या चाकावर चढायचं कसं? आज्या म्हणाला, "थांब जरा, बघ."

जमिनीवर गोवऱ्यांचं रिंगण केलं, त्यावर कडं ठेवलं, वरून पुन्हा गोवऱ्या रचल्या आणि पेटवल्या. कितीतरी वेळ काहीच होत नव्हतं. धूर, राख आणि भोवती उकिडवे बसलेले बाप्ये. मग लोखंड हळूहळू लाल झालं. चौदा फूट घेराचं लोखंड तसं लाल झालं की इंच-सव्वा इंचाने वाढतं, हे गणित मी पुढे शाळेत शिकलो. चौघांनी चार बाजूंनी सांडसांत धरून ते उचललं आणि आडव्या ठेवलेल्या चाकावर टाकलं. लाकडाने पेट घेतला. घणाचे ठोके पडले आणि लगेच बायकांनी घागरी रिकाम्या केल्या. वाफेचा असा लोट उठला की पलीकडचा माणूस दिसेना. त्या वाफेतून जो आवाज आला तो अजून माझ्या कानात आहे. चाक कण्हत होतं. धाव थंड होत आकसत होती आणि लाकडाच्या कडेचे सगळे सांधे, तुंब्यात रुतलेले सगळे आरे एकमेकांत घट्ट बसत होते. आज्याने वाफ विरल्यावर चाकावर मूठ आपटली. आवाज भरीव आला. तो हसला.

आगमनकाळ म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी हे चाक सांगतो. वर्षभर वापरात असलेलं चाक ढिलं होतंच. चैत्र-वैशाखात लाकूड वाळून आक्रसतं आणि धाव खडखडायला लागते. गाडी चालते, ओझंही वाहते, पण आवाज सांगतो की आत काहीतरी सुटलं आहे. तेव्हा चाक काढून रात्रभर दुधना नदीच्या डोहात बुडवून ठेवत. लाकूड पाणी पिऊन फुगलं की काही दिवस भागे. तेवढ्याने भागलं नाही तर लोहाराकडे. तो धाव काढी, सांध्याशी तोडून तिचा लहानसा तुकडा कमी करी, पुन्हा जोडी, पुन्हा तापवी, पुन्हा बसवी. आमच्या धावेवरची ती गाठ त्याचीच. माणसाचंही असंच सुटत जातं. प्रार्थना ओठांवर राहते, भावाशी अबोला वर्षावर जातो, शेजारच्या घरी चूल पेटली की नाही हे पाहायचं राहून जातं. आगमनकाळ हे सगळं पुन्हा आवळून घेण्यासाठी असतो. म्हणून फादर या दिवसांत जांभळी वस्त्रं घालतात, म्हणून पापनिवेदनाला लोक थंडीत रांग लावून उभे राहतात, म्हणून रविवारच्या मिस्सेतलं 'ग्लोरिया' हे गौरवगीत चारही आठवडे गायचं नसतं. तापायचं आणि थोडं कमी व्हायचं, हे दोन्ही केल्याशिवाय घट्ट बसता येत नाही.

आगमनकाळाची ही रीत जुनी आहे. पाचव्या शतकात फ्रान्समधल्या तूर शहराचे बिशप पर्पेच्युअस यांनी संत मार्टिनच्या सणापासून, म्हणजे ११ नोव्हेंबरपासून, नाताळपर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवास सांगितला होता. आपल्या चातुर्मासासारखाच तो नेमाचा काळ. पुढे रोमच्या परंपरेत त्याचे चार रविवार ठरले. ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळचा जो रविवार, तो पहिला. त्यामुळे सुरुवात २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या मध्ये कुठेही येते आणि हा काळ कधी २८ दिवसांचा, तर कधी २२ दिवसांचा होतो. २०२३ साली चौथा रविवार नेमका २४ डिसेंबरला आला. सकाळी चौथी मेणबत्ती आणि त्याच रात्री नाताळ.

गाड्यांना रबरी टायर आले तेव्हा धावा भंगारात गेल्या. आमचीही जायची होती. काट्यावर चढवण्याआधी माझ्या वडलांनी ती परत उचलून आणली आणि देवळाला दिली. घंटा विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून ती लिंबावर गेली. वेदीपुढे तिला आणण्याची कल्पना तेव्हाच्या फादरांची. त्यांनी एका हिवाळ्यात देवळात सांगितलेली हकिकत गावाला इतकी आवडली की आता ती लेकरांनाही पाठ आहे.

जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात योहान हिनरिक विचर्न नावाच्या पाळकाने १८३३ साली गरीब, निराधार मुलांसाठी घर काढलं. नाताळ कधी येणार, किती दिवस राहिले, असं ती मुलं रोज विचारत. १८३९ साली विचर्न यांनी गाडीचं एक लाकडी चाक घेतलं आणि त्यावर चार मोठ्या पांढऱ्या आणि वीस लहान लाल मेणबत्त्या लावल्या. रविवारी मोठी पेटवायची, इतर दिवशी लहान. त्या वर्षी १ डिसेंबरला पहिला रविवार होता, म्हणून चोवीस दिवस. मुलांना हिशेब डोळ्यांनी दिसू लागला. हिरव्या डहाळ्या पुढे जोडल्या गेल्या, मेणबत्त्या चारच राहिल्या आणि विसाव्या शतकात ते चक्र कॅथलिक देवळांतही आलं. आज जगभर लोक सूचिपर्णी झाडांच्या फांद्यांचं, हातभर रुंदीचं सुबक चक्र ठेवतात. फादर म्हणाले, "त्याचं मूळ गाडीचं चाक आहे, आणि ते तर तुमच्या झाडावर टांगलंय."

तेव्हापासून ती वर्षातून एकदा खाली उतरते. सूचिपर्णी आमच्याकडे कुठली? डिसेंबरात हिरवा असतो लिंब, तोच बांधतो. आठवड्याने पानं पिवळी पडली की शनिवारी बायका नव्या डहाळ्या आणतात. जांभळ्या मेणबत्त्या मिळाल्या नाहीत तर पांढऱ्यांनाच पतंगाचा जांभळा कागद गुंडाळतो आणि तिसरीला राणी रंगाचा.

पहिल्या रविवारी एक मेणबत्ती पेटते आणि देऊळ अर्धं रिकामं असतं. दिवाळी सरली की मुकादमाचा ट्रक येतो आणि उचल घेतलेली घरं कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्याकडे निघतात. सांगली, कोल्हापूर, कुणी थेट कर्नाटकात. आमच्या घरांतलीही जातात. गावात उरतात म्हातारी माणसं आणि शाळेसाठी त्यांच्यापाशी ठेवलेली लेकरं. आमच्याकडे मेणबत्त्या पेटवायचं काम अशाच एका नातवाकडे आहे. तो चौथीत आहे. पहिल्या रविवारी तो आज्जीला विचारतो, "किती दिवस राहिले?" ती त्याला नाताळाचे दिवस मोजून सांगते. त्याला दुसरे दिवस विचारायचे असतात, हे तिला कळतं. नाताळ २५ डिसेंबरला येतोच. कारखान्याचा पट्टा पडून माणसं परततात ती मात्र मार्चमध्ये, कधी एप्रिलमध्ये. आगमनकाळ या दोन्ही वाटा एकत्र बघायला लावतो, आणि खोटी तारीख कुणाला देत नाही.

मास्तरांनी एकदा अशाच रिकाम्या देवळात फादर थॉमस स्टीफन्सची गोष्ट सांगितली. हा इंग्रज माणूस १५७९ साली गोव्याला आला, इथली भाषा शिकला आणि त्याने मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचलं. १६१६ साली रायतूरला ते छापलं गेलं. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात ३६ अध्याय, दुसऱ्यात ५९. येशूचा जन्म येतो तो दुसऱ्या पुराणात. त्याआधीचे ३६ अध्याय आदाम-हव्वेपासून पुढच्या सगळ्या पिढ्यांची कथा सांगतात आणि तारणाऱ्याची वाट बघतात. ग्रंथाच्या तिसऱ्या हिश्शाहून मोठा भाग एका माणसाने वाट बघण्याला दिला. ओवी जात्यावर म्हणतात आणि जातं घाई करत नाही. तेव्हापासून मला वाटतं, मराठीत आगमनकाळ पाळणाऱ्यांमध्ये स्टीफन्सचा नंबर पहिला लागावा.

तिसरा रविवार आनंदाचा. वस्त्रं गुलाबी, मेणबत्ती गुलाबी. अर्धी वाट सरली म्हणून थोडं हसून घ्यायचं. त्या दिवसांत रानातली रब्बी ज्वारी पोटऱ्यांत आलेली असते. कणीस अजून दिसत नाही, पण ताटाच्या वरच्या पानात ते वाढत असतं आणि पान तिथे फुगीर दिसतं. त्यावर हलका हात फिरवला की आतली जाडी लागते. थोड्या दिवसांनी ती निसवेल, मग फुलोरा, मग संक्रांतीच्या सुमाराला हुरडा. शेतकरी या दिवसांत पोटरी उकलून बघत नाही. उकलली तर कणीस हाती येत नाही, आणि दाणाही जातो. त्याने पाणी द्यायचं, राखण करायची. तिसऱ्या रविवारी एखादं ताट आणून आम्ही धावेच्या मधोमध उभं करतो. फादरांनी त्यावर एकदा उपदेश केला होता, पण मला वाटतं ताटाला उपदेशाची गरज नव्हती.

१७ डिसेंबरपासून प्रार्थनेचा सूर बदलतो. २३ तारखेपर्यंत सात संध्याकाळी सात वेगवेगळ्या नावांनी त्याला हाक मारायची आणि प्रत्येक हाकेच्या शेवटी 'ये' म्हणायचं, ही मोठी जुनी रीत. आमच्यासाठी त्या तारखेला आणखी एक अर्थ आहे. अमरावती धर्मप्रांतातून वेगळा होऊन मराठवाड्याचा औरंगाबाद धर्मप्रांत झाला तो १९७७ सालच्या १७ डिसेंबरलाच. परभणी त्यातच आली. आमचं घर म्हणून जे आहे, ते वाट बघण्याच्या दिवसांत जन्मलं.

चौथा रविवार मारियेचा. शिरगणतीसाठी दिवस भरलेली बाई नवऱ्याबरोबर वाटेला लागते, उतरायला जागा मिळत नाही आणि बाळाला गव्हाणीत ठेवावं लागतं, ही कथा लूकच्या शुभवर्तमानात आहे. आमच्या देवळात ती ऐकताना बायका पदर डोळ्यांना लावतात. त्यांच्यात अशा आहेत, ज्यांचं बाळंतपण फडाशेजारी कोपीत झालं, उसाच्या पाचटावर, आणि ज्या आठ-दहा दिवसांत पुन्हा मोळी उचलायला उभ्या राहिल्या. कोपीत शेणाने सारवलेला कोपरा, पाण्याचा ड्रम, दोरीला बांधलेली झोळी. बेथलेहेम कसं असेल याची त्यांना कल्पना करावी लागत नाही. देव जेव्हा आला तेव्हा तो असल्याच घरी आला, हे वाक्य इतरांसाठी श्रद्धेचं असेल, त्यांच्यासाठी ते पत्त्यासारखं आहे.

संत बर्नार्ड म्हणायचे, प्रभूची येणी तीन. एक बेथलेहेमातलं, एक युगाच्या शेवटी, आणि मधलं एक, जे रोज आणि कुणाला न दिसता माणसाच्या आत होतं. चार मेणबत्त्या लागल्या की मला त्या मधल्या येण्याचा अर्थ लागतो. धाव आयुष्यभर फिरली तेव्हा तिच्यातून बाजार गेला, लग्नं गेली, आज्याचं आयुष्य गेलं. आता ती हलत नाही आणि माणसं तिच्याभोवती येऊन बसतात. शेजारच्या रांगेत बसलेले दोन चुलत भाऊ बांधावरून भांडलेले असतात. गेल्या वर्षी चौथ्या रविवारी त्यातल्या धाकट्याने विझलेली मेणबत्ती पेटवायला काडी शोधली आणि थोरल्याने खिशातून पेटी काढून दिली. दोघं काही बोलले नाहीत. बाहेर पडताना थोरला चपला घालत जरा जास्त वेळ थांबला.

२४ तारखेला दुपारी डहाळ्या सोडतात आणि शेळ्यांना घालतात. मेणबत्त्यांची खोडं काढतात, पण लोखंडावर सांडलेलं मेण तसंच राहतं. मग पुन्हा दोघं जण, पुन्हा साखळी, आणि अंधार पडायच्या आत धाव लिंबावर जाते. तिला कुणी वाजवत नाही. रात्री मिस्सा सुरू होते तेव्हाही नाही. लोक जमतात ते रोजच्यासारखे, आपल्या आपण.

मग चार आठवडे बंद असलेलं गौरवगीत फादर सुरू करतात. पेटी, टाळ, ढोलकी एकदम उठतात. या गीताच्या वेळी घंटा वाजवायची ही जगभरची रीत, आणि आमची घंटा बाहेर थंडीत असते. गेल्या वर्षी मेणबत्त्या पेटवणारा तो नातू फाळ घेऊन लिंबाखाली तयारच होता. त्याने दोन्ही हातांनी पहिला ठोका घातला. धावेच्या अंगावरच्या मेणाचे पापुद्रे झडून त्याच्या केसांवर पडले. आवाज ओढ्यावरून गेला.

त्याची आज्जी दारात उभी होती. तिच्या हातात मोबाईल होता आणि तो तिने लिंबाकडे उंच धरला होता. तिकडे कुठल्याशा फडावर तिचा लेक ऐकत होता. ठोके थांबल्यावर तिने मोबाईल कानाला लावला.

"ऐकू आलं का रे?"

बराच वेळ तिकडून काही आलं नाही. मग ती वळली आणि नातवाला म्हणाली, "तुझा बाप म्हणायलाय, अजून एकदा वाजव."

त्याने फाळ उचलला.